राक्षस आणि बकरी

हर्षाली दर रविवारी कामरेजहून गोडादऱ्याला यायची आणि आजोबांसोबत, आबांसोबत, टीव्हीवर लढाईचा गेम खेळायची. शेवटचा राक्षस दोघांनी मिळून मारायचा, असं ठरलं होतं. पण आबा मेन मिशन सोडून साइड मिशनांमागेच धावायचे. कुणाची हरवलेली बकरी शोध, कुणा म्हातारीला औषधाचा पाला आणून दे. ती चिडली की हसायचे.

आबांच्या दशक्रियेनंतर तिनं एकटीनं गेम लावला. आबांनी सेव्ह केलेली वेगळी फाइल दिसली. तीत राक्षस मेलेला होता.

"आई, मला सोडून मारला त्यांनी!"

"दवाखान्याचा रिपोर्ट आला त्याच दिवशी," आईनं मान खाली घातली. "म्हणे, हर्षूले सांगजो नको."

"कधी आला रिपोर्ट?"

"दिवाळीत."

त्यानंतर होळीला बकरी शोधताना आबा म्हणाले होते, "घाई काय शे, माय? टाइमच टाइम शे."