ओळीने साठ शब्द

आमच्या मुलीचं, वत्सलाचं, लग्न झालं, त्या वर्षी दवाखान्याच्या औषधखोलीत मदतनिसाची जागा निघाली. साठ इंग्रजी शब्दांचे अर्थ आले, तर माझ्या हातातला झाडू सुटणार होता. मी चाळिशीत अक्षरं शिकलेला. सातवी झालेली बायको, सगुणा, चुलीपाशी पाठ करून घ्यायची. “आधी अर्थ, मग भाकरी!”

परीक्षेला डॉक्टरांनी विचारलं, “फीव्हर म्हणजे?”

मला शब्द ओळीनेच यायचे. मी पहिल्यापासून पुटपुटू लागलो, “बँडेज म्हणजे पट्टी, कॉटन म्हणजे कापूस...”

“मामा, पोचलात का?” डॉक्टर हसले.

“ताप!” मी ओरडलो.

जागा मिळाली. सगुणा म्हणाली, “आता मधलेच शब्द विचारणार.” पुढची अकरा वर्षं ती रोज नवे शब्द विचारत राहिली. सगुणा गेल्या माघात वारली.