कालच्यासारखीच

असुंतानं लग्नाचा फोटो कड्याला टेकवून धरला. "दादा, जरा इकडे ये," ती म्हणाली.

नऊ वर्षांनी ती जर्मनीहून माहेरी आली होती. कड्याखालच्या याच चर्चपुढे तिचं लग्न लागलं होतं. त्याच जागी पुन्हा एक फोटो काढू, म्हणून हौसेनं ती सकाळी भावाबरोबर वर आली होती. फोटोत तिच्या खांद्यामागे कड्यातली भेग दिसत होती, केसाएवढी. आत्ता तिनं त्याच भेगेत मूठ घातली. हात कोपरापर्यंत आत गेला.

तिचा भाऊ कानिओ पुढे होऊन भेगेकडे बघू लागला. दहा वर्षांपूर्वी दरड कोसळून चार घरं गाडली गेली, तेव्हापासून गावानं हे काम त्याच्यावर सोपवलं होतं. रोज भेग बघायची. कालच्यासारखीच असेल, तर सकाळी सात वाजता चर्चची घंटा वाजवायची. घंटा वाजली नाही, तर सगळ्यांनी घरं सोडून ओढ्यापलीकडे जायचं. धोका दिसला की घंटा वाजवायची, असं उलटं ठेवून उपयोग नव्हता. घंटा गारपिटीला वाजते, वरातीला वाजते, त्यात धोक्याची कुठली हे कुणाला कळणार? कानिओनं एक दिवस खाडा केला नाही. तापानं फणफणला होता तेव्हाही आला. पण भेगेवर एखादी खूण करावी, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही. मला डोळे आहेत, म्हणायचा.

"अगं, काल एवढीच होती," तो म्हणाला.

बिचारा खोटं बोलत नव्हता. रोज ती आदल्या दिवसाएवढीच असायची.

भेगेतून बारीक खडी घरंगळल्याचा आवाज आला. असुंतानं हात ओढून घेतला. सवयीनं कानिओनं घंटेचा दोर धरलाच होता, तो त्यानं सोडला. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज.

सात वाजले. घंटा वाजली नाही. दोघं खाली बघत उभी राहिली. एकही माणूस बाहेर पडला नाही. धुराड्यांतून धूर निघत होता. कुणीतरी गच्चीत चादर झटकत होतं.

कानिओ धावत सुटला. पहिलंच घर फिलोमेना मावशीचं. ती शेगडीवर कॉफी ठेवत होती.

"मावशी, चल, ऊठ. आज घंटा वाजली नाही."

मावशी हसली. "सकाळी सकाळी थट्टा करतोस होय रे? वाजली की. कालच्यासारखीच."