दहा लाखांतले चारशे

डॉलर घसरला तर बँक भरपाई देणार, उसळला तर पीण्या औद्योगिक वसाहतीतले निर्यातदार कारखानदार कल्लाप्पा यांनी दुप्पट मोजायचे, असा करार. बँकेत जोखीम तपासणाऱ्या श्रीविद्यानं संगणकावर डॉलर दहा लाख तऱ्हांनी पळवून बघितला. चारशे वेळा कल्लाप्पांचा कारखाना बुडाला.

"असलं कुठं घडतं? ते चारशे काढून टाक," बँकेतले साहेब गुरकावले. नोकरी कुणाला नको असते? तिनं मुकाट काढले.

करारावर सही करायला आलेल्या कल्लाप्पांनी इंग्रजी कागद उलटूनही पाहिला नाही. "अक्का, इथं तूच एक आपली मराठी बोलणारी. तूच सांग, कारखाना बुडणार नाही ना?"

"दहा लाखांत एकदाही नाही, अण्णा."

"सरी, ठरलं! मग माझ्या जावयाचाही कारखाना यातच घाला."