नवसाच्या कोंबड्याचं खुराडं

रानमांजराने तिसरी कोंबडी नेली त्या सकाळी बयाबाई परड्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "देवाचा वाचला."

देवाचा म्हणजे नवसाचा कोंबडा. तांबडा, अंगाने भरलेला आणि स्वभावाने घरमालकासारखा. तो डालग्याखाली झाकलेला होता म्हणून वाचला. कोंबड्या बिचाऱ्या लिंबाच्या फांदीवर बसायच्या. पण डालग्याच्याही एका बाजूच्या काड्या फुटल्या होत्या. मांजराने प्रयत्न करून पाहिला होता.

"आता खुराडं पायजेच," बयाबाई म्हणाली.

तिचा नवरा पिराजी दारातल्या खाटेवर बसून बघत होता. दीड वर्षापूर्वी तो शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामावरून आला, जेवायला बसला आणि ताटावरच वाकडा झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून त्याला घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बयाबाई ओढ्याकाठच्या म्हसोबाला जाऊन आली आणि हा कोंबडा, तेव्हाचं पिल्लू, तिने देवाच्या नावाने सोडला. काय मागितलं ते ती बोलली नाही. मुरगूडच्या त्या गल्लीत नवस फळेपर्यंत कुणी बोलून दाखवत नाही, आणि मागितलेलं झाल्याशिवाय देवाच्या कोंबड्याला सुरी लावत नाहीत. पण यात विचारण्यासारखं होतं तरी काय? नवरा खाटेवर पडलेला. बाई दुसरं काय मागणार!

गल्लीला तिचं भारी कौतुक. पिराजीचा उजवा हात धडधाकट होता तेव्हा तो काय करायचा, हे गल्लीने भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. बयाबाईचं डावं मनगट मोडलं ते वाकडंच सांधलं. पोरगी स्वप्नाली लग्न झाल्यापासून दिवाळीलासुद्धा येत नव्हती. एवढं भोगून ही बाई नवऱ्यासाठी देवाचा कोंबडा पाळते म्हणजे कमालच, असं सगळे म्हणत. गल्लीतल्या कुणी मध्ये पडायचे कष्ट कधी घेतले नव्हते, त्यामुळे कौतुक करणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

शेजारचा आकाराम कुंपणापाशी आला. "वैनी, कोल्हापुरात जाळीची तयार खुराडी मिळत्यात. माझ्या टेम्पोतनं आणतो की."

"किती वर्षं टिकंल?"

"धा वर्षं तरी बघायला नको. पर कोंबडा एवढा जगतोय व्हय?"

"जगवायचा," बयाबाई म्हणाली.

"विकतचं आणायचं न्हाय!" पिराजी खाटेवरून ओरडला. त्याची जीभ अजून थोडी जड होती, पण आवाज जुनाच होता. "जन्मभर फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न केले मी. माझ्या दारात विकतचं खुराडं? मी करतो."

"तुमच्यानं हुईल व्हय? पडून ऱ्हावा गप. विकतचंच आणू."

पिराजीने डाव्या हाताने तांब्या भिरकावला. डाव्या हाताला नेम नव्हता, तो चौकटीला लागला. बयाबाईने तांब्या उचलला, पुसला आणि परत भरून खाटेशेजारी ठेवला.

आकाराम आवाज उतरवून म्हणाला, "तुमाला काळजी वाटती, खरं हाय वैनी. पर राजारामपुरीतला डॉक्टर बी म्हणलाय न्हवं, हात चालवला तर सुटंल. करू द्या की."

बयाबाई डालग्याच्या फुटलेल्या काड्या आत वळवू लागली. त्या डॉक्टरने हातात दाबायला एक रबरी चेंडूही दिला होता. तो पहिल्याच आठवड्यात घरातून नाहीसा झाला होता.

खुराडं घरीच करायचं ठरलं. आकारामने फळ्या आणि जाळी आणून टाकली. सुरुवातीला पिराजीचा उजवा हात फळीवर नुसता ओझ्यासारखा पडून असायचा आणि डावा करवत ओढायचा. मग उजव्याने खिळा धरला. मग हातोडी धरली, पाडली, पुन्हा धरली. खाटेवरून परड्यापर्यंत तो काठी टेकत येऊ लागला. माणूस कसाही असो, हातातलं काम परत येताना बघायला बरं वाटतं. आकाराम रोज येऊन बघायचा. बयाबाई चहा ठेवून आत जायची.

स्वप्नालीचा फोन आला. "आई, आप्पांचा हात सुटायला लागलाय म्हणं?"

"व्हय."

बयाबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"कोंबडा बरा हाय न्हवं?" स्वप्नालीने विचारलं.

"हाय," बयाबाई म्हणाली. "त्याला मी काय हू देत न्हाय."

खांब रोवायला डालग्याची जागा खणली, तर वीतभर खाली तो रबरी चेंडू निघाला. पिराजी हसायला लागला. "मांजर चेंडू बी पुरतंय व्हय गं?"

"कुत्र्यानं पुरला असंल," बयाबाई म्हणाली.

चेंडू त्याने खिशात घातला. आता काम नसेल तेव्हा तो दाबत बसायचा. बयाबाईला भीती वाटू लागली होती. ती तिच्या तोंडावर दिसायची, आणि आकारामला वाटायचं, नवरा धडपडेल म्हणून बाई घाबरते.

खुराडं झालं. उतरता पत्रा, बारीक जाळी, रंधा मारलेलं दार आणि बाहेरून लोखंडी कडी. काम चोख होतं, कुणीही म्हटलं असतं. पिराजीने उजव्या हाताने दार दोनदा उघडून झाकून पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि काठीशिवाय परडं ओलांडत बयाबाईकडे आला. ती कोंबडा काखेत घेऊन उभी होती.

त्याने तिचा दंड धरला. उजव्या हाताने, पहिल्यासारखा.

"बघ! फळला तुझा नवस," तो म्हणाला. "उद्याच जाऊ म्हसोबाला. देवाचं देवाला देऊन टाकू."

कुंपणापलीकडे आकारामने ओढ्याच्या दिशेने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

बयाबाईने दंड सोडवून घेतला नाही. वाकड्या मनगटाच्या हाताने तिने कोंबडा खुराड्यात सोडला, दार लावलं, कडी घातली आणि ती नीट बसली का ते ओढून पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून फळायचा हाय."