दुसरं मत

डॉक्टर शिरगाव्यांनी, पुढच्या पेशंटला लागतो म्हणून परत करायच्या बोलीवर, रेवतीबाईंच्या छातीवर बटणाएवढा संगणक चिकटवला होता. तो तसाच ठेवून त्या आज दुसरं मत घ्यायला डॉक्टर उपळेकरांकडे आल्या.

"शिरगावे? नावही ऐकलं नाही कधी," उपळेकर म्हणाले.

हल्ली दोन संगणक मधे वायफाय नसतानाही थेट जोडले जात, पण पहिल्या भेटीत दोन्हीकडचे अंगठे मागत. रेवतीबाई अंगठा पुढे करून बसल्या. तो कुणी मागितलाच नाही. उपळेकरांच्या पडद्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके आपोआप उमटू लागले आणि खाली अक्षरं आली: जुनी ओळख, भेट एकोणिसावी.

उपळेकरांनी पडदा जरा आपल्याकडे वळवला. "ऑपरेशन करावंच लागेल."

रेवतीबाईंनी पदर सारखा केला. "आधीच्या अठरा जणांनाही हेच सांगितलंत?"