चाळिसावा नग

या घरबदलात निकिताला एकच फायदा हवा होता: पंचवटीतल्या घराच्या भिंतीतून रोज येणारी टकटक कायमची सुटावी. तिच्या नवऱ्याला, वाल्मीकला, मात्र हमाल स्वस्तात हवे होते. मोठ्या कंपनीनं वीस हजार सांगितले, तेव्हा त्यानं नगामागे भाडं घेणारा पेठकडचा मंगळू ठरवला.

"मामा, उशी-उशी मोजून आकडा फुगवू नका," वाल्मीकनं टोमणा मारला.

मंगळूनं खडूनं प्रत्येक नगावर आकडा घातला. शेवटचा आकडा एकोणचाळीस होता.

भर दुपारी पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लागलं. निकितानं चारही भिंतींना कान लावला. सगळ्या गप्प होत्या. तिला हायसं वाटलं.

वाल्मीकनं पैसे दिले. मंगळू दारातच उभा राहिला.

"उतरवले चाळीस, साहेब."

"मी एकोणचाळिसांचेच देणार."

"तुमच्याकडं मागतंय कोण? त्याचं भाडं जुन्या घरीच मिळालं."

"कोणी दिलं?" निकितानं विचारलं.

मंगळूनं खिशातून भिंतीच्या चुन्यानं माखलेलं एक जुनं नाणं काढून दाखवलं. एकोणचाळीस नगांचं भाडं वाल्मीकनं दिलं होतं. चाळिसाव्यानं आपलं आपण दिलं होतं.