झाराची यादी

हमीदभाईंनी लेकीने सांगितलेली यादी रत्नागिरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात संदेशपुढे ठेवली. झाराला गेम खेळायला भारी कॉम्प्युटर हवा होता.

"चाचा, हा प्रोसेसर या बोर्डावर बसणार नाही. आणि ग्राफिक कार्ड कुठलं, १२८ एमबीचं की २५६?"

"मोठं दे."

"मग पॉवर सप्लायही बदलावा लागेल."

तीस वर्षं जहाजावर इंजिनं सांभाळलेले हमीदभाई गोंधळून यादीकडे बघत राहिले.

"तिलाच विचारू या," म्हणत संदेशने फोन उचलला. हमीदभाईंनी त्याचा हात धरला.

"नको. घरी जाऊन मीच विचारतो. तिची आई गेल्यापासून चार महिने पोर गप्पच होती. काल ही यादी सांगताना अर्धा तास बोलली."